तिसरी तक्रार

कुणी एखाद्या गेमचं कौतुक करायला लागलं की आमचे कॉम्प्युटरवाले हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "शेवटपर्यंत खेळलात का?" बहुतेक जण तिथंच विषय बदलायचे.

कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरुमला त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तुमच्याही गावात असा एखादा असेल, वय पन्नाशीचं आणि नाद पोराटोरांचे. फरक एवढाच की हे स्वतः गेम संपवून त्यावर मराठीत परीक्षण करत. बोलायचे ते, व्हिडिओ जोडून आमच्या चॅनलवर टाकायचो मी. मी शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्या तोंडी कायम 'मास्तर'. जळकोटचा एक बाप लेकीला गेम घेऊन देण्याआधी त्यांना फोन करायचा. पुण्या-मुंबईच्या कुणाला नाही, यांना.

एका गाजलेल्या परदेशी चित्रपटाचं नाव वापरायचा हक्क घेऊन एका कंपनीनं गेम काढला. जादूगार, ड्रॅगन, तलवारी, सगळा सरंजाम. हे महिनाभर खेळले. त्यांची रीत ठरलेली, आधी गुण, मग दोष. तलवारीचा घाव बसला की हाताला जाणवतो, म्हणाले. जंगल असं की पावसाळ्यात येडशीच्या रामलिंगाला गेल्यासारखं वाटतं. सोबतचे गडी आपसांत भांडतात, तेही झकास.

मग दोष. एकच भुयार रंग बदलून चारदा दाखवलेलं. भिंतीपाशी लढाई लागली की कॅमेरा खांबामागं जाऊन बसतो, शत्रू दिसतच नाही. शेवटचा भाग तर उरकून टाकलेला. पण खरा संताप वेगळाच होता. गेममधल्या ठरावीक देवळापर्यंत पोचलं तरच खेळ सेव्ह व्हायचा, आणि आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही. दोन तासांची लढाई तीनदा पाण्यात गेली.

"ह्यांच्या गावात लाईट जात न्हाय का?" ते कडाडले. "मोठ्याचं नाव लावलं म्हंजी काम संपलं व्हय?"

गुणांचा भाग उठून दिसावा म्हणून मी त्याखाली त्याच चित्रपटाचं संगीत लावलं. काही लावू नका, असं त्यांनी बजावलं होतं. माझ्या याच हौसेपायी आधीच्या दोन व्हिडिओंवर मालकी हक्काच्या तक्रारी आल्या होत्या, त्या मी त्यांच्यापासून लपवल्या. तिसरी तक्रार आली आणि नियमाप्रमाणे अख्खा चॅनल बंद झाला. सहा वर्षांची परीक्षणं गेली.

मला आजही राग येतो. तेच संगीत लावून गेमची तोंडभरून स्तुती करणारे व्हिडिओ जागच्या जागी आहेत. ते कंपनीला चालतात. आमचा मात्र बरोबर सापडला. दाद मागितली तर ठरीव साच्यातलं उत्तर आलं, वाचलं कुणी नसणारच. पण कंपनीला शिव्या घालून माझं पाप धुतलं जात नाही, हेही कळतं, आणि त्याचा राग जास्त येतो.

दुकानात जाऊन मी सगळं कबूल केलं. त्या गेमला तासभर झोडपणारा माणूस माझ्यावर साधा ओरडलाही नाही.

"मास्तर, गेमची चूक म्या चार लोकांला सांगत हुतो," ते म्हणाले. "तुमची कुणाला सांगू?"

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. वर्षभरात दुकान मोडून ते सोलापूरला भावाकडं गेले. जळकोटचा तो बाप आता मला फोन करतो. मी उचलत नाही.

त्यांची मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडं आहेत. ती पुन्हा टाकायची तर त्यांना विचारावं लागेल, आणि माझी छाती होत नाही. कधीतरी एकटाच ऐकतो. मध्येच गिऱ्हाईक येतं, ते त्याला कानडीत बसायला सांगतात आणि परत गेमला शिव्या घालायला लागतात. खाली संगीत नाही. नुसता त्यांचा आवाज आहे, आणि तेवढा पुरत होता.