ज्याच्याखाली कुणाचं घर नाही

काचबिंदूनं आण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, नजर कडेकडेनं कुरतडत आणलेली. गेलेली परत येणार नाही आणि उरलेलीचा भरवसा नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर चहा पिताना मी विचारलं, "काय बघायचं राहिलंय का तुमचं?"

"समुद्र," ते म्हणाले. "ज्याच्याखाली कुणाचं घर न्हाय, असं पाणी एकदा बघायचंय."

आमचं जुनं गाव उजनी धरणात बुडालं, तेव्हा ते पंचविशीतले. वर नवं गाव वसलं. तिथं त्यांनी घर बांधलं ते दार पाण्याच्या उलट बाजूला काढून. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या भिंती उघड्या पडतात, सगळं गाव बघायला लोटतं. आण्णा कधीच गेले नाहीत. जुन्या घराचं विचारलं की "काय करायचंय तुला?" म्हणून उठायचे. हेकटपणात मीही त्यांचीच लेक, मी विचारायचंच सोडलं.

भाऊ म्हणाला, "कारनं न्हे की." पण आण्णांना कारमध्ये कुर्डुवाडी यायच्या आत ओकारी होते. मी माझी मोटरसायकल काढली.

"लोकं काय म्हणतील? म्हातारा पोरीच्या मागं बसलाय!"

"हौशी म्हातारा म्हणतील. बसा गुमान."

घाट उतरलो आणि हवा ओली झाली. गणपतीपुळ्याच्या पुढं मग सगळं जागेपणी झोप लागल्यासारखं झालं. डाव्या हाताला समुद्र. वळणावर दिसायचा, सुरूच्या झाडांमागं जायचा, पुन्हा दिसायचा. आपण थांबलोय आणि रस्ताच वाहतोय असं वाटायचं. आण्णा माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून समोरचं तेवढं बघत होते. जयगडला मोटरसायकलसकट फेरीबोटीत चढलो. निम्म्या खाडीत त्यांनी मला गच्च धरलं. "आगं, रस्त्यावरनं पाण्यावर कवा आलो?" मी हसत सुटले. इतक्या सुखात मी कित्येक वर्षांत नव्हते.

गुहागरच्या किनाऱ्यावर बसलो आणि थोड्या वेळानं आण्णा ताठ झाले.

"पाणी उतरतंय. थांब, आता दिसंल खाली काय हाय ते."

"काही नाही खाली. ओहोटी आहे ती, रोज होते."

"तुला काय ठावं!"

झालं! दोन-तीन तास हलेनात. माझ्या पोटात कावळे कोकलत होते, डोकं तापलेलं. पाणी लांब लांब गेलं. खाली नुसती वाळू, शिंपले, चार खेकडे. आण्णा चपला काढून ओल्या वाळूत उतरले आणि पायानं चाचपत चालले, अंधारात उंबरा शोधावा तसे. मग परत येऊन माझ्याजवळ बसले.

"खरंच काय न्हाय की गं," ते म्हणाले. "बघाया लई ग्वाड पाणी हाय."

मला भरून आलं. चला, म्हाताऱ्याची इच्छा पुरी झाली! पण ते तसेच बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "पर ह्यात आपलं काय न्हाय. चल, धरणावर जाऊ."

आत्ता गं बया! हाडं खिळखिळी करून इथवर यायचं आणि बघायचं काय, तर घरामागचं पाणी! पण मी मोटरसायकलला किक मारली.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी न थांबता गाडी तशीच काठावर नेली. दिवाळी नुकतीच सरलेली, धरण काठोकाठ. केळीच्या बागेपलीकडं कुणाचा तरी पंप चालू होता. इतक्या वर्षांत आण्णा पहिल्यांदा पाण्याकडं तोंड करून बसले. मग त्यांनी बोट केलं.

"ती वाळकी बाभळ दिसती का? तिच्या अलीकडं आपली चूल."

बाभूळ नव्हती. पलीकडच्या काठापर्यंत नुसतं पाणी होतं. जन्मभर मी ह्या माणसाशी शब्दाला शब्द लावून भांडले होते.

"व्हय आण्णा, दिसली," मी म्हणाले. "आणि दार कुणीकडं होतं?"