किती झालं?

आमच्या शनिवार मंडळातले किस्से माझ्याच घरी का साठतात, याचा शोध मला अलीकडे लागला. लोक पॉटलकला डबे घेऊन येतात आणि जाताना विसरून जातात. माझ्या कपाटात असे पुष्कळ डबे आहेत, निम्म्यांना झाकण नाही, आणि कोणाचे ते आता कोणालाच आठवत नाही. किस्स्यांचंही तसंच. घडतात सगळ्यांच्या देखत आणि राहतात माझ्याकडे. घरात मी एकटाच, त्यामुळे जागा भरपूर!

हे सगळे किस्से नेपरव्हिलच्या माझ्या घरामागच्या मीट स्मोकरचे आहेत. स्मोकर म्हणजे लोखंडी पिंप. खाली कोळसा आणि लाकडाचे तुकडे, वर मटण, आणि दिवसभर मंद आचेचा धूर. झाकणावर काट्याचा गोल थर्मामीटर. काटा दोनशे पंचवीस फॅरनहाइटवर ठेवायचा आणि खुर्च्या टाकून गप्पा मारत बसायचं. एवढंच शास्त्र.

* * *

हा स्मोकर आला माझ्या बायकोमुळे, आणि ती पक्की शाकाहारी! लग्न ठरतानाच नलूने बजावलं होतं, "तुम्ही बाहेर काय खाता ते मी विचारणार नाही. पण माझ्या छपराखाली मटण शिजणार नाही." लग्न पुण्यात ठरलं, छप्पर पुढे इलिनॉयमध्ये मिळालं, पण अट तीच राहिली. गॅरेजमधल्या फ्रीजरला तेवढी सूट होती. "गोठलेलं चालेल," असा निकाल झाला होता.

एका नोव्हेंबरात मटण अर्ध्यावर असताना बर्फाळ पाऊस सुरू झाला. मी आमची मोठी छत्री आणली आणि स्मोकरवर धरून उभा राहिलो. स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"ती छत्री कोणाची?"

"आपली."

"मग ते छप्परच झालं. मिटा!"

मी मिटली, आणि तासभर तसाच भिजलो.

त्याच खिडकीतून आमचा शनिवार चालायचा. शेवटचा मसाला लावायला मी झाकण उघडलं की आच उतरायची. ती चढून परत दोनशे पंचवीसवर आली की अर्ध्या तासात पानं घ्यायची, हे नलूला माझ्याइतकंच पाठ होतं. मग खिडकीतून हाक यायची, "किती झालं?" मी ओरडायचो, "दोनशे दहा!" थोड्या वेळाने परत, "किती झालं?" "दोनशे पंचवीस!" "बरं, मग तवा ठेवते." खिडकी बंद. तिने त्यातला एक तुकडाही कधी तोंडात घातला नाही, पण आमच्या पानात पोळी कधी गार पडली नाही.

नलूला जाऊन आता दोन हिवाळे झाले.

* * *

ती गेली तेव्हा आमची मुलगी अनघा टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आली होती. तिला इथलं घर विकून मला तिकडे न्यायचं होतं. "बाबा, यू कान्ट लिव्ह हिअर अलोन. बर्फ कोण काढणार? जेवणार कोणाबरोबर?"

मी म्हटलं, "शनिवारी मंडळी येतात. स्मोकर पेटतो. जोवर शनिवार चालू आहेत तोवर मला इथे राहू दे. ज्या दिवशी बंद पडतील त्या दिवशी सांग, बॅग भरतो."

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "ओके. डील." माझीच मुलगी, एकदा ठरलं की ठरलं!

आणि पुढच्याच वसंतात थर्मामीटरच्या काचेत आतून धुकं धरलं. काटा दिसेना, आकडा दिसेना. आता स्मोकरच आंधळा झाला तर शनिवार कशाच्या जोरावर चालवायचे?

* * *

पहिली तपासणी डॉक्टरांनी केली. डॉक्टर म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले बापट, जन्मभर हृदयं तपासून निवृत्त झालेले. त्यांनी काचेवर दोन बोटांनी टकटक केलं, कान लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत पाणी झालंय."

"ते मलाही दिसतंय, डॉक्टर."

"तुम्हाला दिसतंय. मी निदान केलं!"

उपाय आमच्या प्रशांतने सुचवला. प्रशांत नागपूरचा, आयटीमधला, आमच्यात सगळ्यात तरुण. ग्रीन कार्डची वाट बघता बघता त्याचेही केस पिकायला लागलेत. तो म्हणाला, "काका, कायले टेन्शन घेऊन राहिले? फोन पाण्यात पडला तर तांदळात ठेवतो ना आपण? हा पण ठेवून देऊ!"

मग कोणत्या तांदळात, यावर वाद झाला. प्रशांत म्हणाला बासमती, डॉक्टर म्हणाले आंबेमोहोर जास्त पाणी ओढतो. शेवटी गॅरेजमधल्या आंबेमोहोराच्या पोत्यात आम्ही थर्मामीटर उभा खोचला. आठवड्याने काढला. धुकं होतं तिथेच होतं. थर्मामीटर परत झाकणावर गेला आणि पोतं तसंच राहिलं.

त्या शनिवारी संकष्टी होती. डॉक्टरांच्या पत्नी वसुधाताई म्हणजे उपास काटेकोर आणि अंडंसुद्धा वर्ज्य. उपास सोडायला त्यांनी माझ्याच गॅरेजमधून तांदूळ काढून भात टाकला. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"सुधाकरराव, तांदूळ कुठून आणता हो? काय सुंदर वास आहे! अगदी चुलीवरचा!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे. त्या जाताना थोडा तांदूळ बांधून घेऊन गेल्या.

* * *

त्यानंतर प्रशांतने ऑपरेशन हातात घेतलं. नलूचा हेअर ड्रायर कपाटात होता, मीच काढून दिला. त्याने मागच्या लाकडी डेकवर एक्स्टेन्शन कॉर्ड ओढली, बराच वेळ काचेवर गरम वारा मारला आणि धुकं गेलं! काटा दिसला! आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात त्याने उत्साहाने काचेच्या कडेने सिलिकॉन भरून टाकलं.

"काका, आता बाहेरची वाफ आत जाऊनच नाही शकत!"

दिवस जुलैचा. हवा ओल्या फडक्यासारखी. त्या हवेतला दमटपणाही आतच बंद झाला. संध्याकाळी थर्मामीटर गार झाला आणि धुकं परत आलं, ते आता कायमचं. मी आयुष्यभर कारखान्यातले प्रेशर गेज दुरुस्त करून पोट भरलं, आणि हे सगळं शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होतो!

डॉक्टर एवढंच म्हणाले, "टाके छान घातलेस. कापूस आत राहिला."

* * *

एक शनिवार मात्र हसण्यावारी गेला नाही. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की धुकं राहू दे, काटा तरी खरं सांगतो का ते बघू. उकळत्या पाण्यात थर्मामीटरची दांडी बुडवायची. दोनशे बारा दाखवलं तर काटा बरोबर. काचेवर टॉर्च मारला की काट्याची सावली पुसट दिसायची, तेवढ्यावर काम होणार होतं.

मी गॅरेजमधून कॅम्पिंगचा छोटा स्टोव्ह काढला आणि डेकवर पातेलं ठेवलं. वाऱ्याने ज्योत सारखी विझत होती. प्रशांत कुडकुडत म्हणाला, "काका, आत गॅस आहे ना! दोन मिनिटांत उकळते पाणी."

मी म्हटलं, "मटणाची दांडी आहे. छपराखाली नको."

प्रशांत स्टोव्हला वाऱ्याचा आडोसा करून उभा राहिला. पाणी उकळलं, सावली दोनशे बारावर गेली. मला वाईट वाटलं ते याचं, की आता मी आत गॅसवर मटणाचा हंडा चढवला तरी खिडकी उघडून ओरडणारं कोणी नाही.

* * *

तोवर अनघाचा दर शनिवारी फोन यायचा. आईचं लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे हॅलो नाही, काही नाही, सरळ, "बाबा, किती झालं?" तोच आवाज, तीच घाई. मी टॉर्च मारून सावली बघायचो आणि अंदाजाने आकडा सांगायचो. एकदा दोनशे पंचवीस सांगितलं आणि चिकन आतून कच्चं निघालं. ती हादरली. चार दिवसांत घरी खोकं आलं: वायरलेस थर्मामीटर! स्मोकरमध्ये दांडी, आकडा फोनवर. माझ्याही आणि तिच्याही.

पुढच्या शनिवारी मी मंडळींना दाखवायला झाकण उघडून उभा होतो. फोन वाजला. मेसेज: "बाबा, क्लोज द लिड."

प्रशांत म्हणाला, "काका, हा तर फ्रिस्कोहून रिमोट सपोर्ट झाला!"

ते यंत्र बंद कुठून करायचं ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही, त्यामुळे स्मोकर पेटलेला नसला तरी ते बाहेरची हवा सांगत राहतं. एका बुधवारी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला निघालो तर मेसेज: "बाबा, इट्स नाइन डिग्रीज. मोठं जॅकेट घाल."

सोय उत्तम झाली. फक्त शनिवारचा फोन बंद झाला. आकडा तिला दिसायचा, मग विचारायचं काय? दोनशे पंचवीस झालं की अंगठ्याचं चित्र यायचं.

* * *

या हिवाळ्यात डॉक्टर आणि वसुधाताई मुलाकडे श्रूजबरीला राहायला गेले. निघताना डॉक्टरांनी धुकट काचेवर टकटक केलं आणि म्हणाले, "पेशंट स्टेबल आहे." प्रशांतच्या मुलीच्या स्विमिंगच्या स्पर्धा शनिवारीच असतात. तो वाकडी वाट करून येतो, पण दरवेळी कसं जमेल?

परवाच्या शनिवारी सकाळपासून बर्फ. प्रशांतचा फोन आला, "काका, रस्ते बेकार आहेत, आज नाही जमत." मी म्हटलं, "अरे, काही हरकत नाही." कोळसा गॅरेजमध्येच राहिला. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, नलू उभी राहायची तिथे, चहा घेऊन उभा राहिलो. स्मोकरवर हातभर बर्फ, थर्मामीटरची काचही त्यात बुडालेली.

तेवढ्यात फोन वाजला. अनघा.

"बाबा, किती झालं?"

कित्येक महिन्यांनी विचारलं तिने. मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणालो, "दोनशे पंचवीस."

"बरं," ती म्हणाली. "मग तवा ठेवते."

फोन कानावरून खाली घेतला. स्क्रीनवर थर्मामीटरचं ॲप उघडंच होतं, तिच्याही फोनवर दिसतं तेच. अठ्ठावीस.