कार्ब्युरेटरच्या टोपीखाली

नवी गाडी म्हणजे तयार गाडी, असं समजणारी माणसं मला जन्मभर भेटत आली आहेत. ओझरच्या विमान कारखान्यात माझी अठ्ठावीस वर्षं सुटे भाग तपासण्यात गेली, आणि तिथं मी एवढंच शिकलो की कोऱ्या करकरीत वस्तूवर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा. म्हणून मुलीची नवी डर्ट बाइक टेम्पोतून आमच्या इंदिरानगरच्या रो-हाउससमोर उतरली, बायकोनं नारळ फोडून पुढच्या पांढऱ्या पाटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, शेजारचे लोक पेढा खाऊन गेले, आणि मी पाने घेऊन गाडी खोलायला बसलो. बायको म्हणाली, "अहो, तिला जरा डोळे भरून बघू तरी द्या." मी म्हटलं, गाडी आतून बघायची असते.

मुलगी पंचवीस वर्षांची आहे. अंबडला एका कंपनीत डिझाइनचं काम करते आणि रविवारी मातीच्या ट्रॅकवर गाडी उडवते. आधी तिच्याकडे रस्त्यावरचीच एक गाडी होती, फेरफार करून घेतलेली. तिच्यावरून ती गेल्या वर्षी पडली आणि कॉलरबोन मोडलं. दीड महिना हात गळ्यात होता. वेणी तिची आई घालायची, पोळीचे तुकडे मी करून द्यायचो. मला वाटलं, सुटलो, आता ही कानाला खडा लावेल. हात मोकळा झाला आणि तिनं थेट शर्यतीचीच टू-स्ट्रोक गाडी मागवली. मी खूप ओरडलो. माझा आवाज मुळात मोठा, त्यात राग आला की सगळ्या गल्लीला कळतं. चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "ती चालवणारच आहे. निदान नट तरी तुमच्या हातचे असू द्या." मी पाने काढून पुसायला घेतले.

कारखान्यात एक नियम होता. ज्यानं काम केलं त्यानं ते तपासायचं नाही. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसा आपण आवळलेला नट आपल्याला नेहमी घट्टच दिसतो. म्हणून मी एक मोठी वही घेतली आणि तिच्यात दोन रकाने पाडले, एक 'हात' आणि एक 'डोळा'. हात माझा, डोळा तिचा. मी काम करून सही करायची, मग तिनं ते हलवून, ओढून बघायचं आणि तिची सही करायची. दोन सह्या झाल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही.

ती हसली. "पप्पा, हे विमान नाहीये."

"उडतं ना?" मी म्हटलं.

त्यावर तिनं पेन घेतलं.

आमचे सगळे रविवार पोर्चमध्ये जाऊ लागले. हँडलच्या मानेतली बेअरिंगं बाहेर काढली तर आत ग्रीस नावापुरतं होतं. मागच्या चाकाच्या सांध्यांमध्येही तेच. सगळं पुसून बोटांनी नवं ग्रीस भरलं. एकेक बोल्ट सोडला, आट्यांना पकड धरणारं औषध लावून पुन्हा आवळला, आणि त्यावरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. चाकांच्या तारा पान्यानं वाजवून बघितल्या. सैल तार बद्द वाजते, आणि ते तिला माझ्या आधी कळायचं. पेट्रोलमध्ये तिनंच मापानं ऑइल मिसळलं, लिटरला पंचवीस मिली. या इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. तो वास आला की मला माझी जुनी स्कूटर आठवायची आणि मी उगाचच खूश व्हायचो.

वाद झाला तो ब्रेकच्या दांडीवरून. ती म्हणाली, दांडीचा क्लॅम्प पूर्ण आवळू नका, जोर लावला तर फिरेल इतपत ठेवा. मी म्हटलं, सैल काम माझ्या हातून होणार नाही. तेव्हा तिनं समजावून सांगितलं की पडल्यावर फिरणारी दांडी वाचते आणि घट्ट दांडी मोडते. मला पटायला दोन दिवस लागले. खरं तर 'पडल्यावर' हा शब्द ती इतक्या सहज बोलून गेली होती की पुढचं मी ऐकलंच नव्हतं.

मागची स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनाला जुळवावी लागते. त्यासाठी ती बूट, हेल्मेट, छातीचं कवच असं सगळं घालून आधी वजनकाट्यावर उभी राहिली. बासष्ट किलो. मग गाडीवर बसली. बायकोनं समोरून हँडल धरलं आणि मी मागे गुडघे टेकून, ती बसल्यावर गाडी किती दबते ते टेपनं मोजत राहिलो. गाडी तिच्या दीडपट जड होती. तो हिशेब माझ्या मनात झाला. माप बरोबर आलं होतं, तरी मी ते तीनदा घेतलं, कारण मला उठून तिच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी एक बुश बनवलं.

मूठ पिळून रेस दिली की केबल कार्ब्युरेटरमधली झडप वर ओढते. झडप जितकी वर, तितका गाडीला जोर. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर बसून मी ॲल्युमिनियमची एक छोटी नळी, म्हणजे बुश, कातली, मधून केबल जाईल अशी, आणि ती कार्ब्युरेटरच्या टोपीखाली बसवली. आता झडप अर्ध्याच्या थोडी वर जाऊन नळीला टेकायची आणि थांबायची. बाहेरून काही दिसत नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण मी फुंकत होतो ते दुसऱ्याच्या वाटीतलं ताक होतं, आणि तेही तिला न सांगता.

नवं इंजिन पहिले काही तास सबुरीनंच चालवायचं असतं. गरम करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग पुन्हा. त्यामुळे सुरुवातीला तिला काही कळायचं कारण नव्हतं. फक्त एकदा तिनं मूठ पिळून विचारलं, "पप्पा, ही एवढीच फिरते?"

"शर्यतीच्या गाडीची मूठ आखूडच असते," मी म्हटलं. "थोडं पिळलं की जास्त उघडते."

ही मूठ तिला नवी होती, आणि सांगणारा तिचा बाप होता. तिनं मान डोलावली. वहीत 'कार्ब्युरेटर साफ करून बसवला' अशी ओळ होती. मी हाताच्या रकान्यात सही केली आणि वही तिच्यापुढे धरली. "टोपी आता परत खोलू नकोस, धूळ जाईल," म्हणालो. तिनं न बघता डोळ्याच्या रकान्यात सही केली. कारखान्यात न बघता कुणी सही केली तर मी त्याला सगळ्यांदेखत झापायचो. त्यानंतर ती नुसती गाडीच्या त्या बाजूला फडकं घेऊन गेली तरी माझं चोराच्या मनात चांदणं व्हायचं.

शर्यत दोन आठवड्यांवर आली तेव्हा आम्ही गाडी टेम्पोत घालून सरावाला गेलो. गंगापूर धरणाच्या पुढे, गिरणारेच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या मुरमाड पडीक तुकड्यावर तिच्यासोबत गाडी उडवणाऱ्या मुलामुलींनी ट्रॅक केलाय. पलीकडे त्याचे टोमॅटो आहेत. ट्रॅकच्या मधोमध एक मोठी उडी आहे. आधी चढण, मग सपाट माथा, मग उतरण. चढणीवरून उडून माथा ओलांडायचा आणि थेट उतरणीवर टेकायचं.

पहिल्या खेपेला ती कमी पडली. मागचं चाक माथ्याच्या कडेवर आपटलं, पण ती सावरली. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गाडीनं मागून उसळी घेतली आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. मी कसा धावलो ते मला आठवत नाही. टोमॅटोतून तो शेतकरीही पाण्याची बाटली घेऊन आला. "लय जोरात आदळली. ताई, लागलं नाय ना कुठं?" ती उठून बसली. कोपर सोललं होतं, बाकी धड होती. तो गाडी उचलून उभी करून गेला.

आम्ही बाभळीखाली बसलो. तिनं हेल्मेट काढलं.

"पप्पा, माझ्यानं होत नाहीये," ती म्हणाली. "मला वाटतं मी पूर्ण रेस देतेय, पण गाडी पोचतच नाही. म्हणजे ऐन चढणीवर मीच मूठ सोडतेय. मला कळतही नाहीये आणि हात सोडतोय. मागचं पडणं हातात बसलंय माझ्या." मग म्हणाली, "विकून टाकू गाडी."

मला जे हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. आणि मी बसलो. लिहायला लाज वाटते, पण ती बुटाची बकलं काढत होती तोवर मी खरंच गप्प बसलो, आणि मनात म्हटलं, वाचली पोरगी. मग तिनं उजवा हात पुढे धरला आणि मूठ उघडून, मिटून बघायला लागली, एखाद्या बिघडलेल्या वस्तूकडे बघावं तशी. तो हात पूर्ण धड होता. बिघडवला होता तो मी.

"तुझा हात भीत नाही," मी म्हटलं. "भितोय तो मी. कार्ब्युरेटरच्या टोपीखाली मी एक बुश घातलंय. गाडी अर्ध्याच्या वर उघडतच नाही."

तिनं कार्ब्युरेटरकडे बघितलं.

"कधी घातलं?"

"तुझं वजन केलं त्या आठवड्यात."

"त्यावर मी सही केली."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडायचं काम माझ्याकडे आहे, ते मला झेपतं. ती उठली, पिशवीतून पाना काढला आणि टोपी स्वतः खोलली. मी पुढे झालो तर म्हणाली, "बसा तुम्ही." नळी बाहेर काढली, उन्हात धरून नीट बघितली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"कातलीय छान," ती म्हणाली. मग म्हणाली, "पप्पा, माथा ओलांडायला वेग लागतो. तुम्ही मला वाचवत नव्हतात. पाडत होतात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कमी वेग म्हणजे कमी धोका, एवढंच मला ठाऊक होतं, आणि एवढ्याशा ज्ञानावर मी माझ्या मुलीला तीनदा त्या कडेवर आपटवलं होतं.

तिनं बूट पुन्हा बांधले. "बघवत नसेल तर टेम्पोत बसा," म्हणाली. मी उभा राहिलो. चढणीवर इंजिनाचा आवाज एकदम टिपेला गेला. तसा आवाज मी त्या गाडीचा पहिल्यांदाच ऐकत होतो. गाडी माथ्यावरून सरळ गेली आणि पलीकडच्या उतरणीवर अलगद टेकली. ती थांबली नाही. पुन्हा आली, पुन्हा गेली. मी रडत होतो आणि बघत होतो. शेतकरी टोमॅटोत उभा राहून बघत होता, त्याला वाटलं असेल म्हाताऱ्याच्या डोळ्यात धूळ गेली.

शर्यतीत ती पाचवी आली. त्याला आता बरेच महिने झाले. आमचं बोलणं, हसणं, भांडण सगळं पूर्वीसारखं आहे. ग्रीस मीच भरतो, बोल्ट मीच आवळतो, शर्यतीला मीच सोबत जातो. परवा मी सहज म्हटलं, कार्ब्युरेटर मी साफ करून ठेवतो, तुझा रविवार वाचेल. ती माझ्यासाठी चहा गाळत होती. "नको पप्पा," ती म्हणाली, अगदी प्रेमानं, आणि कप माझ्या हातात दिला. चहा पिऊन गाडीची चेन पुसत बसलो.