आक्काच्या मातीला

भाचा दारात आला, चपलाही काढल्या नाय. म्हणला, "मावशी, आई गेली." मी मेथी निवडत होते, जुडी तशीच हातात राहिली. रडू नाय आलं. पहिलं मनात आलं ते येवढंच, की आता मी जाऊ का नको... कारण आक्कानं एकदा मला सांगितलं होतं, "मी मेले तरी माझ्या मातीला यायचं नाय." आणि तो शब्द तिनं कधी माघारी घेतला नव्हता.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर वारली, तिनंच मला वाढवलं. बाप आमचा पेठकडचा. ख्रिस्ती झाला म्हणून भावकीनं विहिरीवर पाणी भरू दिलं नाय, तवा बिऱ्हाड डोक्यावर घेऊन नाशकात आला. आम्हा दोघींना त्यानं तान्हेपणीच बाप्तिस्मा दिलेला. पुढं माझं लग्न सातपूरला झालं. मालकांचं कारखान्यातलं काम सुटलं, दारू लागली. दोन वर्षं मी लोकांची धुणीभांडी केली, मारही खाल्ला. पत्र्याच्या शेडमध्ये एक नवी ख्रिस्ती मंडळी भरायची, ते लोक रोज घरी येऊन प्रार्थना करायचे, मालकांपाशी बसून राहायचे. दारू सुटली. पण त्यांच्यात पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो. आम्ही दोघांनी कालव्यात घेतला. आक्काला कळलं तशी ती आली, उंबऱ्याच्या आत नाय आली. "बापानं दिलेला बाप्तिस्मा खोटा होता का गं? त्यापायी त्यानं गाव सोडलं, अन् तू तो कालव्यात धुऊन आलीस?" मग ते मातीचं बोलली. नऊ वर्षं बोलणं बंद. मधी मालक वारले, तवा आली, माणसांसाठी चपात्या लाटल्या, माझ्याशी न बोलता गेली.

मग गंगापूर रोडला सगळ्या मंडळ्यांची मिळून ऐक्याची परिषद भरली. तीन दिवस, मोठा मंडप. बायकांना सैपाकाकडं कामं वाटली, आणि यादी करणाराला काय ठाव, आम्हा दोघींना एकाच कांद्याच्या ढिगापाशी बसवलं. डोळे पुसायला कारण बरं मिळालं. शेजारची एक म्हणली, "तुम्ही बहिणी दिसता की!" आक्का म्हणली, "नाक सारखं हाय नुसतं." शेवटल्या दिवशी एक पाळकसाहेब बोलले, घराघरात तुटलेलं तसंच ठेवून मंडळी कशी वाढंल? मग प्रभुभोजन, भाकरीचा तुकडा अन् द्राक्षाचा रस. आक्काच्या मंडळीत एकच मोठा पेला असतो, पाळकसाहेब काठ पुसून पुढच्याला देतात. इथं ट्रेमध्ये बारके बारके ग्लास होते, ज्याचा त्याला. आक्कानं ग्लास घेतला, एक घोट घेतला, पदरानं काठ पुसला आणि शेजारी माझ्यापुढं धरला. "घे." नऊ वर्षांनी माझ्याशी पहिला शब्द. ट्रेवाला हसला, म्हणला, "आजी, तो सगळा तुमचाच हाय." आक्का त्याच्याकडं बघून म्हणली, "आमच्यात असंच घेतात." आमच्यात... मी उरलेलं प्याले.

परिषद संपली, मंडळ्या आपापल्या जागी गेल्या. ती तिच्या चर्चला, मी माझ्या शेडला. पण आम्ही बोलत राहिलो, बारा वर्षं. मातीची गोष्ट मात्र ना तिनं काढली, ना मी. दुखण्यात रोज जायची मी तिच्याकडं. ओठावर यायचं, आणि ती खोकायला लागायची. राहून गेलं.

त्या दिवशी गेले. अंगणात बाया बसलेल्या, मी फाटकाशीच थांबले. सून बाहेर आली. "मावशी, तिथं काय उभ्या? आम्ही कवाचे खोळंबलोय. आईंनी सांगून ठेवलंय, मला आंघोळ माझी बहीणच घालील, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाय." मी आत गेले. किती हलकी झाली होती. हातावर चपात्यांचे जुने चटके होते, तिथं हळूच पाणी घातलं. पांढरं लुगडं नेसवलं. मग पेटीमागं चालत मातीलाही गेले, मूठ टाकली. कोणी अडवलं नाय.

अजून तिच्या घरी जाते. सून म्हणते, "मावशी, खाटेवर बसा की, मोकळीच हाय." मी खालीच बसते, खाटेला पाठ लावून. वर बसून आक्का माझ्या डोक्यात तेल घालायची, साठी उलटली तरी. "किती कोरडं ठेवतीस गं," म्हणायची.

आता कोरडंच असतं.