डोळ्यांनी पोहणारे पर्मिटकाका

पर्मिटकाका लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी वाकून खाली बघायचे. दार उघडलं म्हणजे लिफ्ट आलीच, असं ते कधी धरून चालले नाहीत. आखातात, दम्मामला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते एकटे राहायचे. मी सकाळी दुकानाला निघालो की हा गृहस्थ लिफ्टच्या दारात वाकलेला असायचा आणि माझी मुलगी सना, पाठीला दप्तर लावून, त्यांच्याशेजारी तशीच वाकलेली. मला त्यांचा पहिल्यापासून राग यायचा. आता ते इथून कायमचे गावी गेले आहेत, तेव्हा कबूल करायला हरकत नाही की तो राग नव्हता, हेवा होता.

तेलाच्या कामांना माणसं आणि यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते. त्यांच्या साइटवर पर्मिट लिहिल्याशिवाय कुणी पान्याला हात लावायचा नाही. धोका काय, उपाय काय, सोबत कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची, काकांची सही घ्यायची, मग काम. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना घरीदारी दुसरं काही सुचत नसे. गच्चीवर कबाबसाठी शेगडी पेटवली तरी शेजारी वाळूची बादली आणि भिंतीला चिकटवलेलं पर्मिट. पर्मिटकाका हे नाव सनानंच ठेवलं आणि इमारतीतल्या सगळ्या मराठी घरांनी ते उचललं.

सना तेव्हा दहा वर्षांची होती. मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही फोनमध्ये बघत. मी "नको" म्हटलं की "व्हाय?" तयार. पण काकांशी मात्र घडाघडा मराठी. खाली सायकल चालवायला जायचं तर ती आधी कागद घेऊन समोर धावायची. धोका : गाड्या. उपाय : फाटकाबाहेर न जाणे. सोबत : वरची मरियम. काका चष्मा लावून वाचायचे, "हेल्मेट राहिलं की," म्हणायचे, ती ते लिहायची, मग सही. जन्म दिला आम्ही आणि सही लोकांची, असं मी एकदा माझ्या बायकोला, नाझनीनला म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही कधी तिचा कागद शेवटपर्यंत वाचलाय का?" पोटातलं दुखणं तरी बंद झालं नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता, स्टॉप वर्क. ज्याला धोका दिसेल त्यानं काम थांबवायचं. "झाडूवाला थांब म्हणाला तरी मॅनेजरनं थांबायचं. चूक कुणाची, बरोबर कोण, ते मागाहून," असं ते सांगायचे. सनाच्या वाढदिवसाला त्यांनी नारिंगी शिट्टी दिली आणि म्हणाले, "ही वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मीसुद्धा." मी दिलेली महागडी बाहुली कपाटात गेली. शिट्टी गळ्यात राहिली.

निवृत्तीला वर्षभर उरलं तेव्हा त्यांनी एक इच्छा बोलून दाखवली. लहानपणी जतला पारावर बसून रेडिओवर वेस्ट इंडीजच्या मॅचेस ऐकल्या होत्या. कायमचं घरी परतण्याआधी त्यातलं एक बेट बघायचं होतं. गावी असलेल्या त्यांच्या बायकोचे गुडघे दुखायचे, ती म्हणाली होती, तुम्हीच जा. हे ऐकून नाझनीननं परस्पर ठरवलं, आपणही जायचं. मी दहा वर्षं तिला कुठेतरी लांब चल म्हणत होतो. "काका बरोबर असतील तर जिवाला घोर नाही," ती म्हणाली. आता यावर नवऱ्यानं काय बोलावं?

बार्बाडोस ठरलं. काकांनी दोन महिने आधी तयारी सुरू केली. आमच्या इकाम्यांची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यांची मुदत, परत येण्याचा व्हिसा, पासपोर्टच्या दोन-दोन प्रती, एक बॅगेत आणि एक अंगावर. निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्या बॅगा बघायला आले आणि माझी लष्करी ठिपक्यांची नवी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्या बेटावर तसले कपडे सैन्याशिवाय कुणी घालायचे नाहीत, असा कायदा आहे म्हणे. मी हसण्यावारी नेलं. विमानतळावर उतरलो तर भिंतीवर तीच सूचना लावलेली. सनानं ती मोठ्यानं वाचली, माझ्याकडे बघून.

तिथेही रोज सकाळी नाश्त्यानंतर काकांचं पाच मिनिटांचं भाषण असायचं, साइटवर असतं तसं. टॅक्सीच्या नंबराची सुरुवात 'झेड'नं आहे ना, ते बघूनच बसायचं. भाडं आधी ठरवायचं. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. कुठेही गेलो तरी चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधी नक्की. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मी एका गर्द झाडाखाली चादर पसरली, पडलेलं हिरवं फळ उचललं, तर शिट्टी वाजली. झाडाच्या बुंध्याला लाल पट्टा होता. त्या फळानं तोंड सोलून निघतं, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात, हे काकांनी सकाळीच सांगितलं होतं. मी तेव्हा आंबोळ्यांसारख्या दिसणाऱ्या एका पदार्थाकडे बघत होतो.

पण एका बाबतीत माझी कॉलर ताठ होती. काकांना पोहता येत नव्हतं. जतच्या बाजूला टँकरनं येणारं पाणी पिऊन मोठा झालेला माणूस. विजारीच्या घड्या गुडघ्यापर्यंत घालून तो ओल्या वाळूत उभा राहायचा, त्यापुढे नाही. मी श्रीवर्धनकडचा, खाडीकाठचा. चालायच्या आधी पोहलो, असं आमची अम्मी सांगते. मनात होतं, एकदा सनानं मला पोहताना बघू दे. मग बघू सही कुणाची घेते.

पश्चिमेकडचा समुद्र मात्र तळ्यासारखा शांत, तिथे आजीबाईही पोहत होत्या. त्यात काय दाखवणार? पाचव्या दिवशी आम्ही पूर्वेच्या, खुल्या महासागराच्या बाजूला गेलो. डोंगराएवढ्या लाटा आणि वाळूत रोवलेलं लाल निशाण. काका टॅक्सीतच सांगून चुकले होते, "लाल निशाण असलं की फक्त डोळ्यांनी पोहायचं. आणि पाणी आत ओढायला लागलंच, तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही. आडवं पोहायचं, किनारा एका बाजूला ठेवून. दमलात की पाठीवर पडायचं आणि हात वर."

"काका," मी म्हणालो, "पोहता न येणाऱ्यानं कोकणातल्या माणसाला पोहायला शिकवू नये."

नाझनीन हसली नाही. काका "तेही खरंच," म्हणाले. सनानं मान वळवून माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की माझीच मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी आणखी चढलो. किनाऱ्यावर पोचल्याबरोबर शर्ट काढला.

"अब्बा, स्टॉप वर्क," सना म्हणाली.

मी पाण्याकडे चालू लागलो. मागून शिट्टी वाजली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी ती ऐकली. खोटं सांगत नाही, स्पष्ट ऐकली. माझ्या मुलीच्या तोंडात त्यांची शिट्टी, एवढंच तेव्हा डोक्यात आलं आणि मी लाटेत सूर मारला.

आमच्या खाडीत भरती-ओहोटी अंगाला कळते. इथे काही कळलं नाही. चार हात मारले आणि वळून बघितलं तर किनारा लांब. मी किनाऱ्याकडे जोर लावला, आणखी लांब. खांदे भरून आले, तोंडात पाणी गेलं. तेव्हा अम्मी आठवली नाही, कलमा आठवला नाही. आठवला तो काकांचा कंटाळवाणा आवाज. आडवं पोहायचं. मी आडवा झालो, मग पाठीवर पडलो, हात वर केला. किती वेळ गेला ते माहीत नाही. एक जीवरक्षक फळी घेऊन आला आणि त्यानं मला बऱ्याच अंतरावर वाळूत आणून टाकलं. तो मला जे बोलला ते सगळं मला समजलं, शब्द नाही समजले तरी.

मी चालत परत आलो. सना आईच्या कुशीत तोंड खुपसून होती, माझ्याकडे तिनं बघितलं नाही. काका बाजूला उभे, उजवा हात खिशात. त्यांनीच धावत जाऊन जीवरक्षकाला मी नेमका कुठे आहे ते दाखवलं होतं. एका शब्दानं रागावले नाहीत. टॅक्सीतही हात खिशातच.

संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात ते डाव्या हातानं चहा पीत बसले होते. मी माफी मागायला गेलो, आणि तो हात दिसला. अंगठ्याखाली दातांचे दोन खोल अर्धगोल, रक्त साकळलेलं.

"तुम्ही आत ओढले गेलात आणि पोरीनं शिट्टी फेकून दिली," ते म्हणाले. "सरळ पाण्याकडे पळत सुटली. मी धरली. सोडली असती तर दोघं गेला असतात. मग चावली. मी सोडेना, ही चावायची थांबेना. मराठीत ओरडत होती, 'सोडा मला, माझे अब्बा आहेत ते.' तुमच्या मिसेसनी येऊन तिला घट्ट धरली, तेव्हा मला पळता आलं."

काकांनी कप खाली ठेवला.

"मला तुमचा हेवा वाटला, दाऊदभाई. तेवढ्या गडबडीतसुद्धा वाटला. माझा मुलगा टोरंटोला असतो. मी बुडतोय असं त्याला कळलं तर तो आधी विचारील, पर्मिट होतं का." ते किंचित हसले. "मीच शिकवलंय तसं."

त्या वर्षाअखेर ते फायनल एक्झिट घेऊन कायमचे जतला गेले. दम्मामच्या विमानतळावर त्यांनी सवयीनं, चुकामूक झाली तर या खांबापाशी, असं सांगितलं आणि मग आपण एकटेच आत जाणार आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. सना रडली. नाझनीनही रडली. मी त्यांची बॅग उचलून दिली.

सना आता बारा वर्षांची आहे. मी काही विचारलं की अजून इंग्रजीत उत्तर देते, फोनमध्ये बघत. शुक्रवारी जतहून काकांचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा सगळं मराठीत चालतं. बोलताबोलता ते उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरतात, "ही बघ तुझी सही," म्हणतात, आणि ती लाजून उशीत तोंड लपवते. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघतो. खूण अजून गेलेली नाही. माझ्या मुलीनं माझ्यासाठी केलेली ती खूण त्या माणसाच्या हातावर आहे, आणि तो हात इथून हजारो मैलांवर आहे. मी अजून जळतो.