भुऱ्या रोज दारातच का ओकायचा

लग्न होऊन डोळखांबला आले, त्याच्या आठव्या दिवशी माझा कुत्रा सासरच्या उंबऱ्यापुढे ओकला. दुसऱ्या लढाईची वर्षं होती ती. मी तेव्हा पंधराची, आता शहाण्णवची आहे... मी सांगतेय आणि नात मोबाइलवर टाइप करतेय, तेव्हा चुका तिच्या.

भुऱ्या माझ्या माहेरचा, मुरबाडकडचा. वऱ्हाडाच्या बैलगाडीमागून चालत आला. दोनदा हाकलला तरी आला. हट्टी होता... कुणावर गेला होता ते सांगायला नको.

पण वेळ वाईट होती. आठवडा व्हायच्या आत ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हिवताप भरला. एकुलता एक मुलगा गोधड्यांखाली कुडकुडतोय म्हटल्यावर सासूबाईंचं काय झालं असेल... त्यांना मी आत्या म्हणायचे. नवी सून आली, मागून कुत्रं आलं, आणि ताप आला. लोक बोलायचे ते बोललेच.

आत्यांनी उतारा काढला. आजच्या पोरांसाठी सांगते... भाताचा मुटका, त्यावर कुंकू, लिंबू, सुक्या मिरच्या आणि तेलात बुडवलेला बिब्बा. आजाऱ्यावरून ओवाळायचं, दिवेलागणीला गावाबाहेरच्या तिठ्यावर ठेवायचं आणि घरी यायचं. येताना बोलायचं नाही, आणि मागे वळून तर अजिबात बघायचं नाही. वळलं तर उतरवलेली पिडा पुन्हा आजाऱ्याच्या अंगावर येते, असं सगळे मानायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घालायला गेले, तर भुऱ्या ओकलेला. आत्यांचा चेहराच उतरला. "गेलं नाय ते... दारात येऊन बसलंय," म्हणाल्या. संध्याकाळी मोठा उतारा काढला, मिरच्या जास्त, बिब्बे दोन. सकाळी भुऱ्या पुन्हा ओकला. असं पाच दिवस चाललं.

शुक्रवारी मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ठरवून टाकलं. सोमवारी विकायच्या भाताची गाडी वाशिंदला जाणार होती. तिला बांधून कुत्रं न्यायचं आणि तिकडेच सोडून द्यायचं. नव्या सुनेला कोण विचारतो.

गोठ्यात जाऊन पोटभर रडले. माहेरचं एवढं एकच माणूस होतं माझ्याजवळ, आणि ते कुत्रं होतं. मग डोळे पुसले आणि ठरवलं, हा का ओकतो ते शोधल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

आधी काडी घेऊन त्याचं ओकणं उकरून बघितलं. किळस वगैरे नंतर... त्यात पांढरी शितं होती. आमच्या घरात तर सगळे नाचणीवर. पांढरा भात फक्त आजाऱ्याच्या पेजेला, आणि उताऱ्याला.

त्या संध्याकाळी मी तांब्या घेऊन आत्यांच्या मागोमाग निघाले. त्यांनी तिठ्यावर उतारा ठेवला, आम्ही वळलो. दहा पावलं गेले आणि मी मान फिरवून बघितलं... भुऱ्या आरामात बसून मुटका खात होता. मिरचीने शिंकत होता, तरी खात होता.

घरी पाय धुतल्या धुतल्या मी सांगून मोकळी झाले. अक्कल कमी, दुसरं काय. आत्या ओरडल्याच. "वळून बघलंस? माझ्या पोराच्या जिवावर उठलीस गो?"

आणि त्या रात्री ह्यांचा ताप चढला. एक दिवसाआड चढणारा ताप तो, चढणारच होता... पण मी घाबरले. खोटं कशाला बोलू, खूप घाबरले. तरी जे बघितलं ते बघितलंच होतं.

सकाळी आत्यांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मलाबी घालवा त्याच्यासंगं, गाडीत जागा हाय. पन आधी एकदा तुमी वळून बघा."

संध्याकाळी पुन्हा उतारा, पुन्हा तिठा. परतताना वळणावरच्या आंब्याखाली आत्या थांबल्या. ओठ हलत होते, गावदेवीचं नाव घेत असाव्यात. आणि त्या वळल्या.

भुऱ्या लिंबू बाजूला सारून भात खात होता. आत्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग तिथेच, बोलायचं नसतं त्या वाटेवर, मला म्हणाल्या, "ह्याला घरी खायाला नाय घालीत काय गो?"

घरी येऊन त्यांनी अर्धी भाकरी ताकात कुस्करली आणि त्याच्यापुढे ठेवली. पोटातलं तेल-मिरची तो त्या रात्री ओकलाच. कुत्र्याचं पोट शहाणं असतं, सोसत नाही ते ठेवून घेत नाही. रविवारी उतारा काढला नाही. सोमवारी सकाळी उंबरा स्वच्छ होता.

मामंजी दोर घेऊन आले तर आत्या दारातच उभ्या. "ऱ्हाऊ दे त्याला. सात दिस माझ्या पोराची पिडा खाल्ली नि ओकून टाकली. असं कुत्रं कोन घालवतं?" मामंजींनी दोर खुंटीला टांगला. पुढच्या आठवड्यात शहापूरच्या दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या आल्या आणि ह्यांचा ताप उतरला.

ही गोष्ट ऐकली की सगळे मलाच धीट म्हणतात. मला वळायला काय लागलं हो... त्या वळून न बघण्यावर माझा धड विश्वासही नव्हता. आत्यांचा होता. पोटचा पोर तापाने फणफणत असताना, महिनाही न झालेल्या सुनेच्या शब्दावर त्या वळल्या. त्यांना तेव्हा काही म्हणता आलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर हात जोडते.