गराज सेलला नक्की यायचं हं!

हल्ली आमच्या मराठी मंडळात कोणाचा गराज सेल, म्हणजे घरातलं जुनं सामान दारात मांडून विकणं, ठरलं की मला फोन येतो. "तुम्ही केलाय ना, जरा टिप्स द्या." मी देतो. पहिलीच टिप सांगतो, की मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका. त्यापुढचं ऐकायला सहसा कोणी थांबत नाही, कारण तोवर त्यांनी टाकलेलं असतं.

आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहतो. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनियर आहे. घराला दोन गाड्यांचं गराज आहे आणि त्यात कित्येक वर्षं एकही गाडी गेलेली नव्हती. जानेवारीत मी पहाटे काचेवरचा बर्फ खरवडत उभा असतो, तेव्हा शेजारच्या आजीबाई गराजचं दार उघडून उबदार गाडीतून बाहेर पडतात आणि मला हात करतात. त्या हात करण्यात दया असते.

आमचं गराज खोक्यांनी भरलेलं होतं. टीव्हीचं खोकं, मायक्रोवेव्हचं खोकं, मिक्सरचं खोकं, सगळी थर्माकोलसकट. त्यातले बरेच टीव्ही आणि मिक्सर केव्हाच वारले होते, पण खोकी ठणठणीत होती. "शिफ्टिंगला लागतील," असं मी म्हणायचो. आम्ही शेवटचं शिफ्टिंग केलं तेव्हा आमची मुलगी बालवाडीत होती. आता ती ॲन आर्बरला कॉलेजात निघाली होती.

त्या उन्हाळ्यात एकदा जेवताना बायको म्हणाली, "गराजचा अर्धा भाग मला पाहिजे."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं, की मी आमटी वाढून घेतली आणि मग ऐकलं.

बायको मूळची सिरॅमिक्स, म्हणजे मातीची भांडी घडवणं, शिकलेली. लग्न करून इथे आली ती काम करायची परवानगी नसलेल्या व्हिसावर. मग मुलगी झाली, मग दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनची नोकरी लागली. मातीला हात लागायचा तो कुंड्यांपुरता. त्या वर्षी वसंतात तिने गावातल्या एका मातीकामाच्या क्लासला जायला सुरुवात केली. तिथल्या शिक्षिका आता घर विकून मुलाकडे चालल्या होत्या. त्यांचं विजेवर चालणारं चाक त्या बायकोला स्वस्तात देणार होत्या, पण रविवारी दुपारपर्यंत हलवलं तरच. नाहीतर दुसरी एक विद्यार्थिनी रांगेत होतीच.

"मी त्यांना हो म्हणून बसलेय," बायको म्हणाली. "तेव्हा शनिवारी सेल."

बायको एरवी मला 'अरे' म्हणते. रागावली की 'अहो' म्हणते. तेव्हा ती 'अरे'च म्हणत होती, पण मुलीने नि मी एकमेकांकडे बघितलं.

शेजारच्या आजीबाई गराज सेलच्या बाबतीत गावातलं मोठं प्रस्थ आहेत. त्यांनी येऊन पाहणी केली. मोठ्या वस्तू रस्त्याकडे मांडा, किमतीचे स्टिकर लावा, सुट्टे पैसे ठेवा, आणि वेळेच्या आधी येणाऱ्यांना दार उघडू नका, असं त्यांनी बजावलं. बायकोने खडूच्या रेघेवर समाधान न मानता गराजच्या जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीने एक चौकोन आखला. "इथे चाक. इथे मी. इथे बादली." चौकोन रिकामा ठेवून मी खोकी मागच्या भिंतीला रचली आणि बाकीचं सामान आम्ही बाहेर, गराजसमोरच्या ड्राइव्हवेवर मांडलं.

माझ्याकडे एकच काम होतं, लोकांना कळवण्याचं. मी अनेक वर्षं मंडळाचा कार्यवाह होतो. निमंत्रण लिहायचं म्हटलं की हात आपोआप चालतो. मी ग्रुपवर लिहिलं: "शनिवारी सकाळी आमच्याकडे गराज सेल योजिला आहे. सर्वांनी सहकुटुंब अवश्य यावे. चहा-पोह्यांची सोय केली आहे."

बायकोने वाचलं. "अरे, सेल आहे की सत्यनारायण?"

शनिवारी सकाळचे पहिले दोन तास मात्र फार छान गेले. मला वाटतं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या तासांमध्ये ते येतील. कारण मला एक सवय आहे. कोणी एखादी वस्तू उचलली, की ती नेऊन हा माणूस काय करणार, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका दाढीवाल्या गृहस्थांनी पुरणयंत्र उचललं. मी गेलो. ते म्हणाले, टोमॅटोचा सॉस. मग मी त्यांना चणाडाळ किती शिजवायची इथपासून पुरण कसं घोटायचं इथपर्यंत सांगितलं. ते हळूहळू मागे सरकत होते.

"बाबा," मुलगी माझ्या बाहीला धरून म्हणाली, "यू आर सेलिंग. यू आर नॉट इंटरव्ह्यूइंग देम."

पण एका बाईंना बाथरूमचे पाच आरसे का हवे असतील? एका पोराला तुटकं स्कीइंगचं एकच फळकूट? माझ्या जुन्या टायांचा गठ्ठा नेणाऱ्या आजी म्हणाल्या की त्याची गोधडी शिवणार. म्हणजे माझे सगळे इंटरव्ह्यू आता कोणीतरी अंगावर पांघरून झोपणार! हे न विचारता मला कळलं असतं का?

याच नादात मी एका उंच, मातकट ॲप्रन घातलेल्या बाईंना विचारलं, की हा पितळी सोऱ्या नेऊन तुम्ही काय करणार. चकलीचा सोऱ्या, चांदणीच्या भोकाची चकती आत असलेला. त्या म्हणाल्या, यातून माती दाबून काढली तर कपाचे कान किती सुंदर होतील.

पलीकडे पैसे मोजणारी बायको ताडकन उठली. हसतमुखाने तिने त्या बाईंच्या हातातून सोऱ्या काढून घेतला आणि त्यावरचा स्टिकर नखाने खरवडला. "सॉरी, नॉट फॉर सेल."

"अगं, पण दिवाळीला चकल्या?" मी हळूच विचारलं.

"दुसरा आणू."

इथवर सगळं आलबेल. सामान चांगलं निम्म्याने कमी झालं होतं. आणि मग मंडळ आलं.

रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या. लोक चांगले कपडे करून आले होते. कोणी रिकाम्या हाताने आलं नव्हतं. आपल्यात कोणाकडे जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत, हे मला निमंत्रण लिहिताना कसं सुचलं नाही, याचं आजही नवल वाटतं. आणि गराज सेलला जाताना काय न्यायचं? पेढे? पेढे कोणीच आणले नाहीत. लोकांनी गराजमधलं आणलं.

"तुमचा सेल आहेच, म्हटलं हेही राहू दे," असं म्हणत एका काकूंनी ब्रेड करायचं मशीन ठेवलं. पाठोपाठ एक झुंबर आलं. लहान मुलाचा झोपाळा आला. "नाही विकलं तरी चालेल, यार," एक मित्र उदारपणे म्हणाला आणि फूटबॉलचं टेबल ठेवून पोह्यांकडे गेला.

बरं, विकायचं तरी कोणाला? आलेल्या मंडळींकडून पैसे कसे घ्यायचे?

"हा दिवा केवढ्याला?"

"अहो काकू, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे! घेऊन जा."

"छे, असं फुकट नाही हं. थांबा." असं म्हणून काकू गाडीकडे गेल्या आणि दिव्याच्या बदल्यात एक डिनर सेट ठेवून गेल्या.

विकायला मांडलेल्या सहा खुर्च्यांवर सहा काका बसले. एका अमेरिकन जोडप्याने भीत भीत विचारलं की ही खुर्ची विकायची आहे का. त्यावर बसलेले काका चहाचा घोट घेत म्हणाले, "आय ॲम सिटिंग, नो?" जोडपं माफी मागून गेलं. शेजारच्या आजीबाईंनी तिसऱ्यांदा पोहे घेतले आणि मला म्हणाल्या की चाळीस वर्षं गराज सेल बघतेय, पण असा पाहिला नाही. ते कौतुक होतं की कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

दुपारी मंडळी पांगली. मी गराजमध्ये आलो तर बायको पाठमोरी उभी होती. समोर ट्रेडमिल. मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांची. आम्ही सगळे ज्यांच्या पाया पडतो, त्यांची. बाहेर ऊन लागेल म्हणून कोणीतरी ती ढकलत आत आणून, नेमकी पिवळ्या चौकोनात उभी केली होती. चिकटपट्टीचा एक कोपरा तेवढा खालून दिसत होता.

"अहो," बायको म्हणाली.

सोऱ्या अजून तिच्या हातात होता. ती आत गेली.

मी ड्राइव्हवेकडे पाहिलं. सकाळी होतं त्याहून जास्त सामान होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चाक न्यायला ती दुसरी विद्यार्थिनी जाणार, आणि बायको मला त्याबद्दल कधीही बोलून दाखवणार नाही, हे मला स्पष्ट दिसायला लागलं. तिने व्हिसाबद्दलही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मुलगी फोनवर काहीतरी टाइप करत होती. "बाबा, ॲन आर्बरला इंडियातून ग्रॅड स्टुडंट्स आलेत ना, दे आर लिटरली स्लीपिंग ऑन द फ्लोअर. मी त्यांच्या ग्रुपवर फोटो टाकलेत. ओके ना?"

चारच्या सुमारास भाड्याची एक मोठी व्हॅन आली आणि तिच्यातून चार मुलं-मुली उतरली. दोन पुण्याची, एक नागपूरची, एक कोल्हापूरची, अमेरिकेत येऊन आठवडा झालेली. त्यांनी ड्राइव्हवेकडे असं पाहिलं, की माझं सगळं आयुष्य सार्थकी लागलं.

"काका, कुकर चालू आहे?"

"शिट्टी जरा उशिरा देतो. पण देतो."

"म्हणजे आमच्या गाइडसारखाच," नागपूरची मुलगी म्हणाली. "घेतला!"

गादी गेली, खुर्च्या गेल्या, फूटबॉलचं टेबल गेलं, डिनर सेट गेला, ब्रेडचं मशीन गेलं. झुंबरसुद्धा गेलं. "भाड्याच्या खोलीत झुंबर कशाला रे?" मी न राहवून विचारलं. "काका, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायला," कोल्हापूरचा म्हणाला. "म्हणंल, पोरगं मोठं झालं." पैसे द्यायला लागले, तर बायकोने बाहेर येऊन ते नको म्हटलं आणि त्यांना उरलेल्या पोह्यांचा डबा दिला. "डबा परत आणून द्यायचा हं," म्हणाली, म्हणजे पोरं परत येतील.

मग व्हॅनमध्ये भांडी ठेवताना पुण्याचा मुलगा म्हणाला, "काकू, हे फुटणार. एखादं खोकं मिळेल का?"

मी फक्त गराजच्या मागच्या भिंतीपाशी गेलो आणि हात पसरला.

मिक्सरच्या खोक्यात कपबश्या. टीव्हीच्या खोक्यात झुंबर, थर्माकोलसकट. एकेक खोकं बाहेर जात होतं आणि मी दाराशी उभा राहून बायकोकडे बघत होतो.

"बोल," ती म्हणाली. "बोलून टाक एकदा."

"शिफ्टिंगला लागतील, असं मी—"

"झालं?" पण ती हसत होती, आणि 'बोल' म्हणाली होती. 'बोला' नाही.

व्हॅन गेली. गराज रिकामं झालं. उरली ट्रेडमिल. मुलांनी ती दोनदा हलवून पाहिली होती आणि जिन्याचा विचार करून सोडली होती.

टिप्स मागणाऱ्यांना मी हा भाग सांगत नाही, पण सगळ्यात अवघड काम हेच होतं. मला काकांना फोन करायचा होता. दिलेली वस्तू परत घेऊन जा, असं तोवर मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. लग्नात आलेलं पाचवं घड्याळसुद्धा आमच्याकडे आहे. मी फोन घेऊन अंगणात तीन चकरा मारल्या.

"काका, ट्रेडमिल परत न्यावी लागेल."

"अरे, मी घरी सांगितलंय गेली म्हणून."

"जागा नाही काका. तिथे चाक येणार आहे."

"गाडीचं?"

"नाही. कुंभाराचं. हिचं."

मग वेगळ्याच आवाजात, "ती मातीकाम करते? आम्हाला कधी सांगितलं नाहीत ते!"

खरंच, कधी सांगितलं नव्हतं. बायकोचे पोहे, रांगोळ्या, मंडळाच्या नाटकांचे पडदे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी मंडळाचा कार्यवाह. सगळ्यांची निमंत्रणं मी लिहिली, आणि ही एक गोष्ट कुठल्याच कागदावर कधी आली नाही.

संध्याकाळी काका-काकू दोघं आले. ट्रेडमिल गाडीत चढवताना काकूंनी काकांना जे ऐकवलं, ते मी इथे लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चाक आणायला काका त्यांची मोठी गाडी घेऊन हजर होते. चाक दिसतं त्यापेक्षा फार जड असतं. आम्ही तिघांनी ते पिवळ्या चौकोनात ठेवलं. बायकोने वायर लावली, पायाखालची कळ हलकेच दाबली आणि ते रिकामंच फिरायला लागलं. काका वाकून बघत राहिले. "पण माती मधोमध राहते कशी?" त्यांनी विचारलं. मीही त्याच प्रश्नावर अडलो होतो.

"थांबा, दाखवते," बायको म्हणाली आणि बाह्या सरसावल्या.

आमची एक गाडी अजून बाहेरच असते. सकाळी मी बर्फ खरवडतो, शेजारच्या आजीबाई हात करतात. पण आता माझ्या दुसऱ्या हातात चहाचा कप असतो. जरा वाकडा आहे. कान सोऱ्यातून काढलेला, चकलीसारखा काटेरी, बोटांना टोचतो. तो कप मी कुठेही विसरून ठेवू शकत नाही, कारण धरला आहे हे सतत कळत राहतं.

बायकोने तो मुद्दाम तसा केला का, हे मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने कपात आणखी चहा ओतला.